विरूपाक्ष सरांचं बोट

विरूपाक्ष सरांनी चिपवर बोट ठेवलं की कॉइल गप्प, उचललं की भुंग्यासारखी गुणगुण. हा शोध लागला तेव्हा प्रदर्शनाला जेमतेम अर्धा तास उरला होता.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पण पावसाने काही त्याची दखल घेतली नव्हती. म्हणून तंत्रनिकेतनातल्या या हंगामी मास्तराने पाणी वाचवणारा नळ बनवला होता. ऑप-अँप नावाची आठ पायांची चिप कॉइलमधून मोजूनमापून करंट सोडणार, कॉइल व्हॉल्व्ह उचलून धरणार आणि घागर भरली की नळ आपोआप बंद. कागदावर सगळं झकास होतं. इकडे निलंग्याच्या महादेवप्पांनी निरोप धाडला होता, "आधी नोकरी कायम होऊ द्या, मग पोरगी देऊ." सगळी भिस्त आता या नळावर होती.

"सर, साहेब आले!" शिपाई मारोती धापा टाकत आला. "बोट काढा की आता."

"काढता येत न्हाई रे! काढलं की कॉइल कोकलायली."

"मग ऱ्हाऊ द्या. बोटाला काय भाडं पडतंय?"

टंचाई अधिकारी साहेब समोर येऊन उभे राहिले. सरांनी उजव्या हाताचं बोट चिपवर दाबून डाव्या हाताने सलाम ठोकला. प्राचार्य पंचाक्षरी त्यांच्या कानाशी फिसकारले, "दोन्ही हात जोडा! नोकरी पायजे ना?"

नोकरी तर पाहिजेच होती. सरांनी दोन्ही हात जोडले.

कॉइल कोकलली, व्हॉल्व्ह थरथरला आणि टँकरच्या पाण्याची चिळकांडी थेट साहेबांच्या सफारीवर गेली. पाणी वाया चाललंय म्हटल्यावर नळ बघायला जमलेल्या बाया घागरी घेऊन साहेबांवरच धावल्या. म्हाताऱ्या सिद्धम्माने तर त्यांच्या कोपराखाली तांब्या धरला. "हलू नगा साहेब, लई चांगली धार लागलीय!"

सरांनी झेप घेऊन बोट टेकवलं. कॉइल गप्प झाली, धार सरळ झाली, घागर भरली, नळ बंद. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आठ दिवसांनी अंघोळ झाली बघा," साहेब तोंड पुसत खूश होऊन म्हणाले. "पण हे बोट कशाला?"

"त्याच्याबिगर चालत न्हाई साहेब," प्राचार्यांनी ठोकून दिलं. "अनुभवाचं बोट लागतंय."

तिसऱ्या दिवशी सरांना कोडं सुटलं. कॉइल करंट घ्यायला उशीर लावते, चिप उतावीळ होते आणि दोघांची ओढाताण जुंपते. बोट त्यांना आवरत होतं; तेच काम करणारा वाटाण्याएवढा कंडेन्सर मध्ये जोडला की बोटाची गरजच नाही! त्यांनी तो जोडला. कॉइल चिडीचूप. सर नाचतच प्राचार्यांच्या खोलीत शिरले.

प्राचार्य पेढा घेऊनच उभे होते. "अभिनंदन! नळ साहेबांच्या कचेरीच्या आवारात बसणार. अन् बोट ठेवायला हक्काचा माणूस पायजे म्हणून तुमची नोकरी कायम! ही बघा ऑर्डर. तुमी काय सांगायला आलता?"

सरांनी अख्खा पेढा तोंडात कोंबला, म्हणजे बोलायची पाळीच नको. मग प्रयोगशाळेत परत जाऊन त्यांनी कंडेन्सर हळूच उपटला. कॉइल पुन्हा कोकलायला लागली, आणि सरांना ती सनईसारखी गोड वाटली.