नानांचं उसनं नाक

पुण्याजवळ मारुंजीत भाड्याची खोली बघायला जाताना मी उत्तरं पाठ करून गेले होते. लग्न कधी, घरी कोण येणार, स्वयंपाकात काय काय करणार. घरमालक बबननानांनी यातलं काहीच विचारलं नाही. माझ्यापुढे दोन वाट्या ठेवल्या आणि म्हणाले, "डोळं मीट आन् हुंग. एकीत निस्तं पानी हाय, एकीत थेंबभर व्हिनेगर. कुटलीत हाय?"

मी न बोलता डावीकडे बोट दाखवलं.

"पास! सर्दी हुती का कधी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"खोली तुजी. बोलत न्हाईस त्ये बी बेस. तोंड बंद आसलं की नाक बरं चालतंय."

कारण रविवारी कळलं. तळमजल्यावरची एक चांगली खोली नानांनी भाड्याने दिलीच नव्हती. अख्ख्या इमारतीतला एकमेव एसी तिथे, आणि त्या गारव्यात पत्र्याचे चपटे गोल डबे. तरुणपणी नाना मुळशीच्या जत्रांतून तंबूतला सिनेमा दाखवत. तंबू गेला, पण मशीन राहिलं आणि एक सिनेमा राहिला. परदेशी, जुना, हाताने काढलेल्या चित्रांचा, अस्वल आणि कोंबडीचा. अशी फिल्म सडायला लागली की आधी व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. आणि नानांचं नाक एका तापात कायमचं गेलेलं. म्हणून भाडेकरूंची नाकं. वरच्या मजल्यावरचे दोन इंजिनिअर आधी हे काम करायचे. दोघांनाही सर्दी झाल्यावर माझी भरती झाली.

घरात मटण चाले, मोठ्याने गाणी चालत, फक्त व्हिनेगर पडतं म्हणून चायनीजला बंदी. कोपऱ्यावरच्या नूडल्सच्या गाडीवाल्याशी नानांचं रोजचं भांडण. "गाडी वाऱ्याच्या पल्याड लाव! माज्या रिळांचा वास लपतुया."

दर रविवारी मी डबे हुंगायचे. नाना दारातून विचारायचे, "जित्ता हाय का शिनेमा?"

"आहे," मी म्हणायचे. आठवडाभरात नानांशी माझं एवढंच बोलणं.

एका रविवारी मात्र मी एकच डबा दोनदा हुंगला. "नाना, आंबूस येतोय."

नाना तडक जिना चढले. मला ओढत. इंजिनिअरांचं दार ठोकलं. "कोन चायनीज खातंय रं?" मग माझ्याकडे वळून, "हुंग."

दोन अनोळखी मुलांच्या स्वयंपाकघरात मी नाक वर करून उभी. ते टॉवेल सावरतायत. जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"पोहे आहेत," मी म्हणाले.

"नीट हुंग की!"

"पोहेच आहेत, नाना."

नाना तिथेच पायरीवर बसले. "मंग गेला म्हनायचा," एवढंच बोलले.

मला फारसं बोलता येत नाही, पण मेल लिहिता येते. काही दिवसांनी जुन्या फिल्म वाचवणाऱ्या एक बाई पुण्याहून आल्या. पांढरे हातमोजे घालून त्यांनी डबा उघडला, थोडी फीत उजेडात धरली आणि थबकल्याच. या सिनेमाच्या फक्त टीव्हीसाठी कापलेल्या प्रती उरल्यात, असं सगळे समजत होते म्हणे. ही थिएटरमध्ये चालणारी मूळ प्रिंट होती. आत्ता नेली तर तिची नक्कल निघेल. प्रिंट मात्र त्यांच्या शीतघरातच राहील, परत येणार नाही.

"न्या," नाना म्हणाले. "पन आदी एकदा चालवू."

"फाटेल, नाना," मी म्हणाले.

"एकच रीळ. आंबलं न्हाई त्ये."

बाईंनी रीळ तपासलं, मशीन तपासलं आणि बंद करायच्या बटणावर हात ठेवूनच होकार दिला. भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावल्या.

"आवाज येत नाहीये," बाई म्हणाल्या.

"म्याच बंद केलाय. त्यातलं विंग्रजी जत्रंत कुनाला कळतंय? पडद्याच्या कडंला हुबं ऱ्हाऊन आमीच बोलायचो. मी आस्वल, मंडळी कोंबडी." मंडळी म्हणजे नानांची बायको, काकी. मी इथे राहायला येण्याआधीच त्या वारल्या होत्या.

नानांनी तंबूतला जुना माईक काढला. त्याला वायरच नव्हती. भिंतीवर रंग उडून गुलाबी झालेलं अस्वल आलं.

"ए कोंबडे!" नाना गरजले. "माजा मध कुटं हाय?"

आम्ही दोघी फस्सकन हसलो.

मग कोंबडी आली. पंख आपटत, चोच उघडत ती अस्वलावर धावून गेली. नाना गप्प झाले. त्यांनी माईक डावीकडे धरला, स्वतःपेक्षा जरा खाली, एखाद्या ठेंगण्या बाईच्या तोंडापाशी यावा तसा. कोंबडी बराच वेळ बोलत होती. तिची चोच मिटली तसा माईक मागे आला.

"बरं बाई, चुकलं माजं. भाताला पानी सोडतो आन् येतो."

पुन्हा कोंबडी. पुन्हा माईक डावीकडे. रीळभर असंच चाललं. नानांचा हात एकदाही चुकला नाही.

रीळ संपलं. भिंत पांढरी झाली. बाई जपून डबा बंद करू लागल्या. नाना माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नाक तर चांगलं हाय तुजं. कान कसं हायेत? ऐकलंस न्हवं, कशी झापायची मला?"

"ऐकलं, नाना," मी म्हणाले.