डाळिंबाच्या सालीचा डोस

निरवांगीच्या झुंबररावांनी आयुष्यात तीन चर्चासत्रं ऐकली आणि तिन्हींनी घरात काही ना काही घोळ घातला. तिसरं डाळिंबावरचं होतं. पाहुणे माइकवरून म्हणाले, "डाळिंबाच्या सालीत फिनॉल जातीचे घटक भरपूर असतात, ते अंगाला गुणकारी." पुढचं झुंबररावांनी ऐकलंच नाही. (मांडवात पंगत बसत होती.) बांधावर तडकलेल्या डाळिंबांची रास पडली होती आणि घरात सून निकिता सातव्या महिन्याची, रक्त साडेनऊवर. जागच्या जागी ठरलं, सुनेला सालीचा काढा.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. रक्त वाढलं नाही, तर दवाखान्यात ठेवून शिरेतून लोह द्यावं लागेल, अशी ताकीदही दिली होती. सुईचं नाव काढलं तरी निकिताला घाम फुटे. झुंबररावांना तर जास्तच. बाळंतपणात रक्त कमी पडल्यावर काय होतं, ते त्यांनी सख्ख्या बहिणीच्या वेळी पाहिलं होतं. ती वाचली, पण थोडक्यात.

रोज सकाळी ते एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात काढ्याचा पेला घेऊन सुनेपुढं उभे.

"आबा, लई तुरट हाय ओ!"

"तुरट हाय म्हंजी गुण हाय. गोळी उतरंल त्येच्यासंगं. घे बाळा."

"डॉक्टरला इच्यारलंय का?" फुलाबाईंनी, म्हणजे बायकोनं, चुलीपुढून विचारलं.

"डाळिंबातलं डॉक्टरला काय कळतंय? बाग मी करतो का ती?"

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. नऊ! निकिताचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दोन केल्या आणि शेवटचे पंधरा दिवस दिले. घरात खजूर आला, बीट आलं, गूळ-शेंगदाणे आले. झुंबररावांनी झाड पिवळं पडल्यावर करतात तेच केलं, डोस डबल. दोन गोळ्या, दोन पेले. त्यांचं स्वतःचं जेवण तुटलं. ते फुलाबाईंना सुनेची पापणी ओढून बघायला लावत आणि आपण दाराआडून विचारत, "लाल हाय का?"

"पांढरीच हाय."

दुसरा रिपोर्ट पावणेनऊ.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "गोळ्या खरंच घेतेस का गं?"

निकिताला रडू फुटलं. "घेती मॅडम. आबा सोता हुबं ऱ्हाऊन देत्यात."

"कशाबरोबर?"

या प्रश्नाची झुंबरराव महिनाभर वाट बघत होते. ते खुर्चीत सरसावले. "काढ्यासंगं! डाळिंबाच्या सालीचा. फिनॉल असतंय त्येच्यात!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आबा, बागेत दोन औषधं एका पंपात मिसळता का हो?"

"छ्या! कोन मिसळंल? औषध फुटतंय, साका तळाला बसतुया. झाडाला काय बी लागत न्हाय."

"मग सुनेच्या पोटात काय केलंत?"

झुंबररावांनी सुनेच्या पोटाकडं बघितलं.

"सालीतला तो तुरटपणा गोळीतलं लोह धरून ठेवतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगाला लागू देत नाही. चहाचंही तेच. डाळिंबाचे दाणे खाऊ दे, पण पोटुशीला असले काढे विचारल्याशिवाय द्यायचे नसतात. महिनाभर मी देतेय आणि तुम्ही काढून घेताय!"

झुंबररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरीला काय व्हनार न्हाय नव्हं? मी आपला चांगल्यासाठी... सुया मला टोचा मॅडम, हिला नको."

डॉक्टरीणबाई जरा निवळल्या. "अजून वेळ हातातून गेलेली नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर. पंधरा दिवसांनी बघू."

ते पंधरा दिवस झुंबररावांनी कसे काढले, ते त्यांनाच माहीत. शेवटी दवाखान्यात कागद हातात आला तेव्हा त्यांना आकडा दिसेना, फुलाबाईंनी निकिताकडून वाचून घेतला. दहा! सुई टळली. निकिता हसली. झुंबररावांना इतकं हलकं वाटलं, की त्यांची जीभ मोकळी झाली.

"मी काय म्हंतो मॅडम, जांभळाच्या बियांची पावडर जर गोळीसंगं..."

डॉक्टरीणबाईंनी निकिताला दिलेली गोळ्यांची चिठ्ठी परत ओढून घेतली आणि खाली ठळक अक्षरात एक ओळ वाढवली. निकितानं ती बाहेर येऊन मोठ्यानं वाचली. "गोळीच्या आधी आणि नंतर दोन तास वर्ज्य: चहा, कॉफी, सासरे."