ओव्हाळसाहेबांचा सोमवार

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, सकाळी सात वाजता, ओव्हाळसाहेब विश्रांतवाडीतल्या आपल्या गॅलरीत बसले आणि फोनवरचे ग्रुप एकेक करून सोडायला लागले. भोसरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची चौदा मॅनेजर म्हणून. 'दुसरी पाळी – तातडीचे', 'फक्त सुपरवायझर', 'कँटीन तक्रार निवारण' असे एकूण सतरा ग्रुप होते. उपम्यात मीठ जास्त पडलं तरी त्याचा फोटो साहेबांकडे यायचा.

"राधा, बारा झाले!" ते आत बघून ओरडले.

"चहा गार होतोय, तो आधी संपवा," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

साहेबांचा निश्चय पक्का होता. आता कारखाना नाही, सोसायटी नाही, नातेवाईक नाहीत. कुठंही, कुणाचंही, काहीही चालवायचं नाही. याची सुरुवात आज साडेदहाला शनिवार पेठेत मिसळ खाऊन व्हायची होती. सोमवारी साडेदहाला कारखान्यात आठवड्याची मीटिंग असायची. त्या वेळी बाकीचं पुणं काय करतं, हे त्यांना छत्तीस वर्षांत कळलं नव्हतं.

शेवटी एक ग्रुप उरला. नाव 'नियोजन समिती'. त्यात नुकताच आलेला संदेश होता: 'बुधवारी सकाळी १० वाजता बैठक. उशीर खपवून घेतला जाणार नाही. आदेशावरून.' साहेबांचं डोकं सणकलं. निवृत्त माणसाला आदेश? त्यांनी अंगठा असा दाबला, की जणू ढेकूणच चिरडत होते. मग त्यांनी मोजले, तर अठरा झाले होते. असेल एखादा जास्तीचा, म्हणून त्यांनी चहा संपवला.

पाचच मिनिटांत राधाबाई हातात उलथनं घेऊन गॅलरीत आल्या. कानाला फोन, चेहरा उतरलेला.

"अहो, तुम्ही मैत्रीच्या लग्नाचा ग्रुप सोडलात?"

मैत्री म्हणजे राधाबाईंच्या भावाची, संजयची मुलगी. लग्न वीस दिवसांवर आलेलं. आणि नियोजन समिती ही त्यांच्या धाकट्या भावाची, चेतनची करामत. चेतन एका कार्यालयात आवक-जावक सांभाळायचा. आजवरच्या नोकरीत त्याला कुणी साधी खुर्ची कुठं ठेवू, असंही विचारलं नव्हतं. संजयनं लग्नाची व्यवस्था त्याच्यावर सोपवली आणि त्याला पंख फुटले.

"मला वाटलं कारखान्याचा आहे. घाल म्हणावं परत."

"इतकं सोपं नाही ते. सात वाजून पाच मिनिटांनी चेतननं कामांची यादी टाकली. त्रेचाळीस जणांची नावं आहेत, तुमचं नाही. आणि एकवीस मिनिटांनी तुम्ही बाहेर! सगळे म्हणतायत, दाजी रुसले."

"पण माझं नाव का नव्हतं?"

"मीच संजयला सांगितलं होतं, यांना काही काम देऊ नका म्हणून." राधाबाईंचा आवाज खाली आला. "सोनालीच्या लग्नात काय झालं, आठवतंय ना?"

साहेबांना चांगलंच आठवत होतं. एकुलत्या एका मुलीनं जावयाच्या गळ्यात हार घातला, तेव्हा साहेब हॉलच्या मागच्या दाराशी जेवणाच्या टेम्पोवाल्याला रस्ता सांगत होते. हार घालतानाचा क्षण त्यांनी पाहिला तो नंतर, फोटोत. ही गोष्ट त्यांना आजही लागायची. मैत्रीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसायचं, सगळं डोळे भरून बघायचं आणि गरम जेवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

सव्वानऊला साहेब टोपी घालून निघणार, तोच बेल वाजली. दारात संजय आणि चेतन. संजयच्या हातात पेढ्यांचा खोका, चेतनच्या काखेत जाडजूड फाइल आणि गळ्यात निळ्या फितीला लटकवलेला बिल्ला, 'मुख्य नियोजक'. बिबवेवाडीहून विश्रांतवाडीला, सोमवारी सकाळी, कामावर दांडी मारून माणसं येतात, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"दाजी, चुकलं आमचं," संजय उंबऱ्यातच म्हणाला.

"अरे, चूक माझी आहे. चुकून सोडला मी ग्रुप."

"तुमचं मन मोठं आहे म्हणून असं म्हणताय."

"मन लहानच आहे रे माझं. मला तो कारखान्याचा ग्रुप वाटला."

चेतननं मान खाली घातली. "टोमणा कळला, दाजी. मी जरा जास्तच कडक लिहितो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. नऊ पंचवीस. इतकी वर्षं माणसं हाताळलेला माणूस, त्यांनी स्वच्छ आणि ठाम बोलायचं ठरवलं. "हे बघा, मला या लग्नात कसलंही काम नको. मी फक्त येणार आणि जेवणार."

संजयच्या डोळ्यांत पाणीच आलं. "असं तोडून बोलू नका, दाजी. परक्यासारखं येऊन जेवून जाणार? ताई, तू तरी सांग यांना!"

"अगं, तू सांग ना यांना!" साहेबही म्हणाले.

"मी दोघांनाही सकाळपासून सांगतेय," राधाबाई म्हणाल्या. "माझं कोण ऐकतंय?"

नको म्हणावं, तर रुसवा वाढत होता. हसावं, तर ते वरवरचं ठरत होतं. साहेबांनी पेढा घेतला नाही, कारण डॉक्टरांनी साखर बंद केली होती. पण तेवढ्यावरून संजयनं चेतनकडे असं पाहिलं, की चेतन उठलाच. त्यानं फाइल साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"हॉल, मंडप, सातशे माणसांचं जेवण, भन्तेजींना आणायची गाडी, पाहुण्यांच्या दोन बस. आजपासून सगळं तुमच्याकडे, दाजी. मुख्य नियोजक तुम्ही."

आणि त्यानं गळ्यातला बिल्ला काढला. काढताना फीत कानात अडकली, ती त्यानं हळूच सोडवली आणि बिल्ल्यावरची धूळ सदऱ्याला पुसली. धूळ नव्हतीच.

हा चेहरा साहेबांच्या ओळखीचा होता. खातं काढून घेतलेल्या माणसाचा चेहरा. असे चेहरे त्यांनी केबिनमध्ये बरेच पाहिले होते आणि दर वेळी नाइलाज आहे म्हणून कागदावर सही केली होती. त्यांना आतून वाईट वाटलं. शिवाय पावणेदहा वाजत आले होते.

त्यांनी टोपी काढली आणि बिल्ला गळ्यात घातला.

"अहो!" राधाबाई किंचाळल्या.

"थांब. संजय, मी मुख्य नियोजक झालो ना? माझा शब्द शेवटचा?"

"शेवटचा, दाजी!"

"मग लिहून घे, चेतन. आदेश क्रमांक एक. चेतन यांना सर्वाधिकारांसह मुख्य नियोजक नेमण्यात येत आहे. आदेश क्रमांक दोन. सुखदेव ओव्हाळ यांना या पदावरून तात्काळ निवृत्त करण्यात येत आहे. बैठक संपली."

चेतननं दोन्ही आदेश तारीख घालून लिहून घेतले. साहेबांनी स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात बिल्ला घातला. संजय तर गहिवरला. पदावर बसून पद सोडलं म्हणजे मान पुरता मिळाला, असं त्याचं समाधान झालं. रिक्षा खाली उभीच होती. साहेबांना शनिवार पेठेत सोडूनच दोघे पुढं बिबवेवाडीला गेले.

मिसळीच्या दुकानात शिरले, तेव्हा साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. साहेब भिंतीकडेच्या टेबलावर बसले. सोमवारी साडेदहाला पुणं मिसळच खात होतं.

"घाई आहे का?" वेटरनं विचारलं.

"अजिबात नाही."

"मग बाकीच्यांना आधी देतो."

वाट बघताना फोन वाजला. 'नियोजन समिती'नं त्यांना परत आत घेतलं होतं, आणि सुधारित यादी आली होती. चव्वेचाळिसावं नाव होतं: 'श्री. सुखदेव ओव्हाळ. काम: काहीही न करणे. लग्नाच्या दिवशी पहिली रांग, मधली खुर्ची. देखरेख: राधाताई. अहवाल रोज पाठवावा, फोटोसह. सबब चालणार नाही. आदेशावरून.'

त्याखाली राधाबाईंचा अंगठा येऊनही गेला होता.

साहेबांची मान ताठ झाली. मॅनेजर असताना त्यांनी लोकांकडून फोटोसह अहवाल मागवले होते आणि फोटो धूसर आला तर परत पाठवला होता. त्यांचा अंगठा ग्रुप सोडायच्या जागेवर गेला. दोन क्षण तिथंच थांबला. मग त्यांनी ती यादी पुन्हा वाचली, 'पहिली रांग'पाशी जरा रेंगाळले आणि अंगठा मागे घेतला.

मिसळ आली. त्यांनी आणखी एकदा तर्री मागून घेतली, लिंबू पिळलं आणि सगळं सावकाश संपवलं. मग रिकाम्या ताटलीचा स्पष्ट फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं:

'आजचे काम पूर्ण. काम मोठे आहे, उद्या पुन्हा करावे लागेल.'