वर्तककाकांचा पडका किल्ला

दिवाळीत सगळे किल्ला बांधतात. आमचे वर्तककाका पडका किल्ला बांधायचे.

अमेरिकेत, श्रूजबरीत ते आमचे शेजारी. एवढा मोठा इंजिनिअर माणूस, पण दिवाळी जवळ आली की गॅरेजमध्ये माती ओतून फतकल मारायचा. गाडी बाहेर थंडीत. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना काकू करवादायच्या, "लोकांची गाडी आत असते. आमच्याकडे किल्ला आत, गाडी बाहेर!"

काकांचं गाव अलिबागजवळ. तिथे समुद्रकाठी पोर्तुगीजांचा जुना किल्ला आणि त्याच्या पोटात चर्च, दोन्हींची पडझड झालेली. काका आधी तट नीट बांधायचे आणि मग चमच्याने पाडायचे. "आहे तस्संच पाहिजे!" हा त्यांचा हेका. हळीवसुद्धा गावी जिथे झुडपं आहेत तिथेच पेरायचे. एकदा माझ्या मुलीने एक पडकी भिंत छान लिंपून दिली.

"अगं, ती माझ्या जन्माआधीपासून पडलेली आहे!" काका ओरडले.

"बट काका, आय फिक्स्ड इट!" म्हणून तिने भोकाड पसरलं. काकांनी तिला चकली दिली आणि भिंत पुन्हा पाडली.

चर्चची एक कमान तेवढी शाबूत असायची. तिच्याखाली मातीची एक बाई. महाराज नाहीत, मावळे नाहीत, एकटी ती बाई. कोण म्हणून विचारलं, की काका हळीवाला पाणी घालायला लागायचे.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत काकांचा पुतण्या नुकताच गावाहून आला होता. किल्ला बघून म्हणाला, "काका, ही कमान यंदाच्या पावसात पडली. आता नुसते दगड आहेत. अपडेट करा."

काकांनी चमचा उचलला. हेका त्यांचाच होता. चमचा कमानीपाशी नेला आणि तसाच धरून बसले.

"स्टँडवर रडू येईल म्हणून आईने मला या कमानीखालूनच निरोप दिला," ते म्हणाले. "परत गेलो तो तिच्या तेराव्याला."

त्यांनी चमचा खाली ठेवला, बोट ओलं केलं आणि कमानीची बारीकशी चीर लिंपून टाकली.

"तिकडची पडली असेल. इथली राहू दे."

त्या वर्षी दिवाळी संपली तरी किल्ला मोडला नाही. गाडी सगळा हिवाळा बाहेर होती. रोज सकाळी काकू काचेवरचा बर्फ खरवडायच्या, एक शब्द न बोलता.