समोरची किती किलोची?

मुलीचा बॉक्सिंगचा क्लास सुरुचीला मनापासून आवडत होता, कारण तिथे कोणी कोणाला मारत नसे.

मनवेलपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी सहाला आत्माराम सर यायचे. साठी उलटलेले, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. विद्यार्थी दोनच. सुरुचीची अकरा वर्षांची तेजस्वी आणि सी विंगमधला रायन. तेजस्वी छत्तीस किलोची, रायन चोवीस. "वजनात बसत न्हाय, जोडी नाय लावता येनार," असं म्हणून सर दोघांना आपापल्या सावलीशी खेळायला लावायचे. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत यायचं, त्यात धूळ तरंगत राहायची, आणि तेजस्वी त्या सोनेरी पट्ट्यात आत-बाहेर करत हवेला गुद्दे मारायची. मान इकडे, मान तिकडे, ओठांनी काहीतरी पुटपुटत. जणू पाण्याखाली चाललेला नाच. सुरुची प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाहायची आणि तिचेही डोळे जड व्हायचे. तेजस्वी आठ वर्षांची होईपर्यंत जी बाई तिला द्राक्षं चिरून देत होती, तिला याहून चांगला खेळ कुठे मिळणार होता?

अशा त्या गुंगीत एके दिवशी क्लेटन टेप घेऊन हॉल मोजायला आला.

क्लेटन एकेकाळी सरांचाच विद्यार्थी. आता समोरच्या गाळ्यात त्याचा एमएमएचा क्लास होता. काळ्या मॅट, मधोमध जाळीचा पिंजरा, आणि काचेवर दातओठ खाणाऱ्या माणसाचं चित्र.

"सर, राग नका मानू," तो टेप गुंडाळत म्हणाला, "पण बॉक्सिंगचा जमाना गेला. पब्लिकला आता फुल पॅकेज पाहिजे. हात, पाय, गुडघा, कोपर, खाली पाडा, वरून दाबा. माझ्याकडे एकोणीस पोरं आहेत. गाळा पुरत नाही."

"क्लेटन, दोन वरसं शिकवला तुला," सर शांतपणे म्हणाले. "तवा दोन हात सांभालता येत नव्हते. आता हे आठ कुठनं आनलेस?"

"म्हणून तर, सर! एक नाही चालला तर दुसरा आहे ना."

सेक्रेटरींनी नोटीस लावली. ज्या क्लासला पाचपेक्षा कमी मुलं, त्याला पुढच्या महिन्यापासून हॉल मिळणार नाही. तेजस्वीने ती वाचली आणि जिना चढता चढता म्हणाली, "ठीक आहे. मग मी क्लेटनसरांकडे जाईन. तिकडे जोडीने खेळतात."

सुरुचीला जिन्यातच घाम फुटला.

"सिद्धेश, मला तीन मुलं हवी आहेत," तिने घरात शिरताच नवऱ्याला सांगितलं.

सिद्धेशने चहाचा कप खाली ठेवला. "आत्ता?"

"क्लाससाठी रे! पण साधी नाहीत. तेजूच्या वजनाच्या आसपासचं कोणी नको. दोन किलोंचा फरक असला की सर जोडी लावतील. जोडी लागली की गुद्दा. गुद्दा लागला की नाक. नाकाचं हाड किती नाजूक असतं माहितीये तुला?"

"म्हणजे बॉक्सिंग टिकवायचं, पण होऊ द्यायचं नाही."

"अगदी बरोबर," सुरुची म्हणाली. नवऱ्याला एखादी गोष्ट इतकी लवकर कळल्याचं तिला कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरातला वजनकाटा कापडी पिशवीत घालून ती दारोदार निघाली. तिसऱ्या मजल्यावर सत्यवतीकाकूंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"अगो, तू पण चालू केलंस होय वजन कमी करायचं? सांगायचं नाही का! थांब, मी आधी चपला काढते."

"काकू, मी मुलांचं..."

"मुलांचं कसलं काढायचंय, ती वाळलेलीच आहेत. हे बघ, मंगळसूत्राचे दोनशे ग्रॅम वजा कर. आणि आत्ताच जेवलेय, त्याचे अर्धा किलो."

तासाभरात काकूंच्या दारात सात बायका. कोणी बांगड्या काढतंय, कोणी श्वास रोखून उभं. सुरुचीला पत्ताही न लागता तिचा वजनाचा क्लब सुरू झाला होता, आणि संध्याकाळपर्यंत 'शेक कुठला देतेस गं?' म्हणून चार फोन आले. पण फायदाही झाला. बायका आपली वजनं सांगेनात, पण मुलांची भराभरा सांगू लागल्या. काकूंचा नातू हर्षवर्धन त्रेसष्ट किलो. "घाम काढा त्याचा." कल्पेश सत्तेचाळीस. ॲल्रॉय एकोणतीस. सुरुचीने तिघांची नावं अशा आनंदाने लिहून घेतली, जशी एखादी बाई साडीवर नेमका मॅचिंग ब्लाउज मिळाल्यावर उजळते.

एकच क्षण कठीण गेला. ए विंगमधली एक मुलगी स्वतःहून पळत आली, टुणकन काट्यावर चढली. साडेपस्तीस.

"मला पण यायचंय, काकी!"

"बॅच फुल झाली गं," सुरुची म्हणाली आणि काटा इतक्या घाईने पिशवीत कोंबला की त्याचा काटा बराच वेळ आत थरथरत राहिला.

नवे तीन धरून पाचही जणांना ओळीत उभं करून सरांनी खालून वर पाहिलं, मग वरून खाली.

"सुरुचीताय, ही पोरं हाय का जिना? एकाची दुसऱ्याशी जोडी लागंल तर शपत!" मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडल्यासारखं झालं. "पन पर्तेक जन वेगल्या गटात. स्पर्धेला बेस हाय की! पुढच्या रविवारी आचोल्याला हाय. पाचींची नावं देतो."

हॉल वाचला आणि सुरुची बुडाली. आठवडाभर तिला झोपेत निळे ग्लोव्ह्ज घातलेल्या धष्टपुष्ट मुली दिसत होत्या. रविवारी ती बर्फ, हळद, कापूस, इलेक्ट्रॉल आणि एक उशी घेऊन आचोळ्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये पोचली.

"उशी कशाला?" सिद्धेशने विचारलं.

"कोणी पडलं तर? किंवा मी."

भिंतीकडची बाकं जवळजवळ रिकामीच होती. दोरखंडांच्या चौकटीवर एक पंखा संथपणे मान हलवत होता, आणि सगळं इतकं निवांत होतं की दुपार स्वतःच डुलकी काढतेय असं वाटावं.

"लाल कोपरा, तेजस्वी सिद्धेश पाटील," माईकवाल्याने पुकारलं. तेजस्वी रिंगणात चढली. "निळा कोपरा..." त्याने कागद उलटला. पुन्हा सुलटा केला. खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. "निळा कोपरा, कोणी नाही."

पंचांनी तेजस्वीचा हात धरून वर केला. पंख्याच्या वाऱ्याने तिचे केस उडाले. सुरुचीला वाटलं, आपण ढगात बसून हे बघतोय. एकही गुद्दा नाही, आणि सुवर्णपदक! मग रायन, ॲल्रॉय, कल्पेश. हर्षवर्धनला तर वडापाव खातानाच बोलावलं. पाच मुलं, पाच पदकं, नाकं दहाच्या दहा नाकपुड्यांसह शाबूत.

"पयले एका गटात वीस-वीस पोरं असायची," आत्माराम सर रिकाम्या बाकांकडे बघत म्हणाले. "कोन कोनाला भेटनार याच्या चिठ्ठ्या काढायचो. आता चिठ्ठी उघडायला दुसरा मानूसच न्हाय."

परतताना रिक्षात तेजस्वी पदक उलटं-सुलटं करत बसली होती.

"काय झालं, तेजू? जिंकलीस ना?"

"कोणाशी?" तेजस्वीने विचारलं. मग ती बाहेर बघत म्हणाली, "सावलीशी खेळताना मी रोज तिला सांगते, ये ना एकदा खरी. मला वाटलं आज येईल. मी रात्री तिच्यासाठी वाकायची प्रॅक्टिस पण केली होती."

सुरुचीने बर्फाची पिशवी मांडीवर घेतली. बर्फ वितळून तिच्या मांडीवर गार थेंब पडत राहिले.

सोमवारी ती आधी ए विंगमध्ये गेली. "तुम्हीच फुल म्हणालात ना?" त्या मुलीची आई म्हणाली. "तिला कथ्थकला घातलं." मग सुरुचीने मनाचा दगड केला आणि क्लेटनच्या गाळ्याची काच ढकलली.

"तुझ्याकडे छत्तीस किलोची मुलगी आहे का?"

"आहे एक. जयवंती. आजीचं नाव ठेवलंय." क्लेटनने आवाज खाली आणला. "पण मॅडम, तिला कोणाशी खेळवताच येत नाही. तिची आई बसते ना तिकडे, अश्लेषामॅडम. आधी विचारते, समोरची किती किलोची? जवळपास वजन निघालं की पोरीचं पोट दुखतं."

जाळीपलीकडे स्टुलावर एक बाई बसली होती. मांडीवर प्रथमोपचाराची पेटी. सुरुची तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि न बोलताच ओळखलं.

"तुमची मुलगी सायकल हेल्मेट घालून चालवते?" अश्लेषाने विचारलं.

"घरात."

"आमची पण." अश्लेषाने सुस्कारा सोडला. "मी तर मुद्दाम इथे घातलं, तेव्हा हिच्या वजनाचं कोणी नव्हतं म्हणून. पण परवा म्हणाली, आई, मी नुसती मॅटवर लोळते."

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी अश्लेषाने बोटं मोजत अटी घातल्या. "लाथ नाही. गुडघा नाही, कोपर नाही. खाली पाडायचं नाही. डोक्याला पॅड, हाताला जाड ग्लोव्ह्ज. फक्त दोन हात, आणि मध्ये सर उभे पाहिजेत."

"मॅडम," क्लेटन कळवळून म्हणाला, "मग ते बॉक्सिंगच झालं की!"

मंगळवारी सहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये सरांनी कित्येक महिन्यांनी जोडीसाठी शिट्टी वाजवली. दोघी मुली एकमेकींभोवती फिरू लागल्या, हळूहळू, जपून, अनोळखी अंगणात शिरल्यासारख्या. खुर्च्यांवर दोघी आया एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या, आणि अश्लेषाची नखं सुरुचीच्या तळव्यात रुतत चालली होती. मग जयवंतीचा डावा हात सरळ आला आणि तेजस्वीच्या नाकावर धप्पकन बसला.

सुरुची ताडकन उठली. खुर्ची मागे पडली.

तेजस्वी जागच्या जागी उभी होती. डोळ्यांत पाणी, नाक लाल, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे आईने त्या सोनेरी पट्ट्यात कधीच पाहिलं नव्हतं.

"सर!" ती ओरडली. "ही खरी आहे!"

सुरुचीने खुर्ची उचलली, सरळ केली आणि सावकाश बसली. तिने अश्लेषाकडे न बघताच विचारलं,

"उद्या हिला थोडं लवकर आणता येईल का?"