जाताच आहात तर

"हे बघा, हे चार दिवस फक्त माझे," बॅगेची चेन ओढत चांगुणाबाई म्हणाल्या. "कुणाचा फॉर्म न्हाई, कुणाचा दवाखाना न्हाई, कुणाची मयत न्हाई. कबूल?"

"कबूल," रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी पलंगाची चादर हळूच खाली ओढली. कारण पलंगाखाली तीन पिशव्या होत्या आणि त्या तिन्ही लोकांच्या होत्या.

रावसाहेब पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळून नुकतेच रिटायर झालेले. माणूस सरळ, पण 'नाही' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघायचा नाही. नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत कुणाचं रेशन कार्ड अडलं, कुणाला अ‍ॅडमिट करायचं झालं, की आधी रावसाहेबांची बेल वाजायची. तीस वर्षांच्या संसारात नवराबायको मिळून कुठं गेले होते, तर लग्नांना आणि मयतींना. चांगुणाबाई जालन्याकडच्या. नेरूळला राहून त्यांनी पाहिली ती खाडी. समुद्रातला किल्ला काही पाहिला नव्हता. शेवटी लेकीनं, अस्मितानं, मे महिन्याच्या क्रूझची दोन तिकिटं हातात ठेवली. मुरूड, दाभोळ, विजयदुर्ग, तिन्ही जुनी बंदरं. चांगुणाबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. ऑपरेशननंतर पाय कसे चालतील कोण जाणे, तेव्हा किल्ल्याच्या पायऱ्या चढायच्या त्या आत्ताच.

आता एवढं सगळं जमून आलं होतं, तर गप्प बसावं की नाही? पण रावसाहेब तळमजल्यावरच्या नामदेवला सांगून बसले. नामदेव विजयदुर्गचा.

"जयभीम रावसाहेब! अहो, मग जाताच आहात तर आईला एवढा मिक्सर द्याल? रिपेर करून कधीचा पडलाय."

मिक्सर वर आला. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या अंकुशला कळलं, त्याची बहीण दाभोळची. मग उज्वलाताईंना कळलं, त्यांची मावशी मुरूडची. गावाला निघालेल्या माणसाच्या हाती पिशवी देणं हा काही गुन्हा नाही, कोकणातली रीतच आहे. पण ती रीत एस.टी.साठी पडलेली, बोटीसाठी नव्हे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रावसाहेबांच्या आलं होतं, पण त्यांना बोलता आलं नाही.

भांडं फुटलं ते बोटीवर चढतानाच. तपासणीच्या मशीनमधून बॅग गेली आणि तिथला माणूस ओरडला, "ये क्या है?"

"मिक्सर," रावसाहेब पुटपुटले.

"क्रूझ पे मिक्सर?"

मागं रांगेत लोक फिदीफिदी हसले. चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मिक्सरकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं आणि पुढं चालू लागल्या. त्यापेक्षा चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या तरी बरं, असं रावसाहेबांना झालं.

मुरूडला उज्वलाताईंची मावशी दहाला धक्क्यावर येणार होती. सगळी मंडळी किल्ल्याच्या होडीत बसली. "तू हो पुढं, मी पुढच्या होडीनं आलोच," रावसाहेब म्हणाले. मावशी साडेबाराला आल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं आणि त्यांचा नवा चष्मा रावसाहेबांच्या पिशवीत होता, त्यामुळं त्या दुसऱ्याच धक्क्यावर दोन तास दुसऱ्याच माणसाशी बोलत बसल्या होत्या. पुढची होडी तोवर जाऊन परतही आली होती आणि बोटीवर चढायची वेळ झाली होती.

संध्याकाळी डेकवर रावसाहेबांनी चाचरत विचारलं, "कसा होता गं किल्ला?"

"लई मोठा," चांगुणाबाई समुद्राकडं बघत म्हणाल्या. मग त्यांनी तोफा सांगितल्या, बुरूज सांगितले. रावसाहेबांना तेवढंच बरं वाटलं. आपलं नाही तर नाही, हिचं तरी झालं.

दाभोळला अंकुशची बहीण वेळेवर आली, पिशवी घेतली, पण रिकाम्या हातानं येईल तर ती बहीण कसली! तिनं भावासाठी पाच किलो सुकट आणलेली. बोटीवरच्या माणसानं लांबूनच नाक धरलं. "ये अंदर नहीं जाएगा." बहीण निघून गेली, बोट सुकट आत घेईना आणि टाकून देणं रावसाहेबांच्या रक्तात नाही. मग "तू हो पुढं मशिदीशी, मी आलोच," असं बायकोला सांगून भर उन्हात ते एस.टी. स्टँडवर गेले. मुंबईच्या गाडीत एक भला माणूस खिडकीशी बसला होता. त्याच्यापुढं हात जोडून रावसाहेब म्हणाले, "दादा, जाताच आहात तर..." बोलता बोलता आपलीच त्यांना लाज वाटली. त्या माणसाला पटवून, अंकुशचा नंबर लिहून देईपर्यंत दाभोळची जुनी मशीद बघायची वेळ टळून गेली.

विजयदुर्गच्या सकाळी चांगुणाबाईंनी एवढंच विचारलं, "आज तरी?"

"आज नक्की. मिक्सर दिला की सुटलो. तू किल्ल्याच्या दरवाज्याशी जा, दहा मिनिटांत तिथं भेटतो."

नामदेवची आई, बाळाबाई, ऐंशी वर्षांची. ती कसली धक्क्यावर येते? रिक्षा करून रावसाहेब वाडीत पोचले, मिक्सर ठेवला आणि पायात चप्पल सरकवली.

"खंय चललास?" म्हातारीनं हात धरला. "मागच्या खेपेक नाम्यान असोच धाडलो, तो चाललोच नाय. चालवून दाखव, मगे जा."

रावसाहेबांनी बटण दाबलं. लाईट नव्हती.

"येतली आता," म्हातारी म्हणाली. "बस. माझो नामो कसो आसा? जेवता मां नीट?"

आता ज्या माऊलीनं मुलाला दोन वर्षं पाहिलेलं नाही तिला सोडून कसं उठायचं? चहा झाला. आंबोळी झाली. नामदेवच्या लहानपणच्या तापाची हकिगत झाली. रावसाहेब मान डोलवत होते आणि डोळे घड्याळावर होते. दरवाज्यात ती उभी असेल का, की कंटाळून आत गेली असेल? आत गेलेलीच बरी, असं ते स्वतःला बजावत राहिले. दोन तासांनी लाईट आली, मिक्सर गरगरला, बाळाबाईंनी ओलं खोबरं वाटून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रावसाहेबांच्याही आलं, पण ते बोटीचा भोंगा वाजल्यामुळं. धावतपळत ते धक्क्यावर पोचले तेव्हा चांगुणाबाई बोटीकडं जाणाऱ्या शेवटच्या होडीत बसलेल्या होत्या.

"बघितलास?"

"बघितला की," त्या म्हणाल्या. "आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी हायत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडं खारं पाणी अन् मधी गोड."

नेरूळला परतल्यावर रविवारी सोसायटीच्या बाकांवर मंडळी जमली. मिक्सर पोचला, सुकट पोचली, चष्मा पोचला, सगळे खूश. मग उज्वलाताई म्हणाल्या, "अहो, पण किल्ल्यांचं सांगा ना!"

रावसाहेबांना आपण काहीच पाहिलं नाही हे सांगायची लाज वाटली. बायकोनं सांगितलेलं त्यांनी आपलं म्हणून सांगायला घेतलं आणि रंगून सांगितलं. तोफा झाल्या, बुरूज झाले. "आणि नामदेव, तुझ्या विजयदुर्गात त्या तीन विहिरी! दूधबाव, दहीबाव..."

"ओ रावसाहेब," नामदेव मधेच म्हणाला, "त्या आमच्याकडं नाहीत. त्या मालवणला, सिंधुदुर्गात. तुमची बोट तिकडं गेलीच नाही ना?"

सगळे रावसाहेबांकडं बघायला लागले. रावसाहेब चांगुणाबाईंकडं बघायला लागले. त्या शेवटच्या बाकावर गुडघा चोळत बसल्या होत्या.

"अगं, तूच म्हणालीस ना?"

"बोटीतल्या टीव्हीवर दाखवत होते," त्या हळूच म्हणाल्या.

"मग तू आत... काय बघितलंस?"

"मी आत गेलेच न्हाई. मुरूडला पायऱ्यांवर बसले, दाभोळला मशिदीबाहेर बसले, विजयदुर्गला दरवाज्यात. तुमी येतो म्हणाला होतात ना."

रावसाहेब उठून त्यांच्या बाकाशी गेले. "अगं, मग मला रोज ते सगळं कशाला सांगत बसलीस?"

"तुमी इतकं दमून यायचा," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्हटलं, निदान तुमचा तरी किल्ला बघून होऊ दे."