बळीरामदादाचा खुबा आणि माझं लंगडणं

रामदासपेठेतल्या कचेरीत अकरा वर्षं कारकुनी केलेला मी! कुठला साहेब काय बघून सही करतो, हे मला झोपेतही सांगता येतं. म्हणूनच माझ्या बायकोचा, गोपिकाचा, थोरला भाऊ बळीरामदादा मौद्याहून आला, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "तुमचं काम झालंच समजा!"

दादा फौजेतला. एकाहत्तरच्या लढाईत खुब्यात छर्रा घुसला आणि डावा पाय दीड इंच आखूड झाला. आता तीन वर्षांनी मेडिकल बोर्ड पुन्हा तपासणार होतं. अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली भरलं की पेन्शन बंद!

आणि हा गडी चालायचा कसा? दात आवळून, छाती काढून, परेडीला निघाल्यासारखा!

"दादा, जरा लंगडा की!"

"काहून? नाटक मले जमत नाही, जवाईबापू."

मग बोर्डाच्या दिवशी फौजी दवाखान्याच्या व्हरांड्यात मीच धडा द्यायला उठलो. त्याची फाईल काखेत मारली आणि खड्ड्यात चाक गेलेल्या रिक्षासारखा हेलकावत, कण्हत निघालो. तेवढ्यात दारावरच्या अर्दलीनं माझं बखोट धरलं.

"अरेरे, इतनी तकलीफ? चलो, पहले तुम!"

"अहो, मी नाही..." म्हणेपर्यंत मी तपासणीच्या टेबलावर!

बोर्डावरच्या मिशाळ मेजरसाहेबांनी फाईल वाचली. "पतलून उतारो!"

टेप लावला. पुन्हा लावला. "दोनों टांगें बराबर? छर्रे का निशान किधर है?"

"साहब, मैं तो क्लर्क हूं!"

"फिर लंगड़ा क्यों रहे थे?"

"सिखा रहा था!"

बोललो आणि जीभ चावली. गेली दादाची पेन्शन, आणि तीही माझ्या तोंडानं!

गलका ऐकून दादा आत आला. खाडकन सॅल्यूट. "साब, जमाई है. गलती माफ. मैं तो सीधाच चलता."

मेजरांनी टेप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "पालथी मारके बैठो, जवान."

दादा मांडी घालून बसायला गेला. खुबा वाकेना. कपाळावर घाम डवरला, पण तोंडातून हूं की चूं नाही. शेवटी मेजरांनीच त्याला काखेत धरून उठवलं. "बस, बस!"

तीस टक्के, जन्मभरासाठी! माझे डोळे भरून आले. पतलून हातातच होती, तिलाच पुसले.

निघताना मेजरांनी मलाही एक चिठ्ठी दिली, सही-शिक्क्यासकट: 'दोन्ही पाय ठणठणीत. अपंगत्व शून्य टक्के.'

ती गोपिकानं कपाटात जपून ठेवलीय. पाय दुखतात म्हणून मी चक्कीवर जायचं टाळलं की ती चिठ्ठी बाहेर निघते. "मेजरसायबाची सई हाय म्हटलं. उचला डबा!"